ह्यूस्टनला कोण जातं?

सीमोल्लंघन प्रवास मंडळ, पश्चिम लंडन
ईलिंग, १० मार्च २०२५

श्रीमती श्यामलाताई मेश्राम, पिनर, यांस

नमस्कार.

यंदाच्या दसरा सहलीसाठी तुम्ही पाठवलेला प्रस्ताव मिळाला. मंडळाचा चिटणीस या नात्यानं कळवतो की तो मतदानाला ठेवता येणार नाही. आपली सहल घटनेप्रमाणे 'आंतरराष्ट्रीय ठिकाणी' जाते. ह्यूस्टन हे अमेरिकेतलं मोठं शहर आहे, हे मान्य. पण मोठं असणं वेगळं आणि आंतरराष्ट्रीय असणं वेगळं.

जगभरातले लोक मुद्दाम वाट वाकडी करून जिथं जातात, ते आंतरराष्ट्रीय ठिकाण. रोम, इस्तंबूल, क्योतो. ह्यूस्टनला कोण जातं? तेलकंपन्यांचे लोक कामाला, आजारी माणसं उपचाराला आणि उरलेले नातेवाइकांकडे. विमानतळाच्या नावात 'इंटरकॉन्टिनेन्टल' आहे, असं तुम्ही लिहिता. आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयाच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे. म्हणून मी तिथं बॅग घेऊन जात नाही.

तिथं एकाच रस्त्यावर व्हिएतनामी नूडल्स, नायजेरियन चर्च आणि श्रीखंडाचं दुकान आहे, हा तुमचा दुसरा मुद्दा. हे सगळं मला २०७ नंबरच्या बसमधून रोज दिसतं. त्यासाठी दहा तास विमानात पाय आखडून बसायची गरज नाही.

शिवाय नियम तिसरा. सभासदांचे जवळचे नातलग राहतात ते शहर सहलीस अपात्र. हा नियम का करावा लागला ते तुम्हाला माहीत आहेच. न्यू जर्सीला उतरल्या संध्याकाळी निम्मं मंडळ भाच्यांच्या गाड्यांत बसून जे गेलं ते परतीच्या विमानातच भेटलं. मी, नलिनी आणि तिथं कुणीच नसलेले एक गृहस्थ असे तिघंच मंडळाचा बॅनर धरून फोटोला उभे राहिलो. एखाद्या गावी नातलग असला की ते ठिकाण राहत नाही, घर होतं. आणि घरी जायला मंडळ लागत नाही.

प्रस्ताव पोस्टानं पाठवलात, याबद्दल मात्र आभार. प्रागच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर जे झालं, त्यात तीन सभासद गेले. पत्र पोचायला दोन दिवस लागतात, तेवढ्यात माणसाचा राग निवतो.

आपला,
श्रीकांत दामले
चिटणीस


पिनर, १४ मार्च २०२५

श्रीकांतराव,

सप्रेम जय भीम.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. तो दोन दिवसांत निवलेला नाही, तेव्हा ऐका.

नियम तिसरा म्हणता. माझं ह्यूस्टनमध्ये कुणी नाही. चौदा सभासदांत एकाच माणसाचं आहे, आणि तो माणूस मंडळाचा चिटणीस आहे.

आडपडदा कशाला ठेवू? हा प्रस्ताव मी तुमच्यासाठीच दिलाय. सहा वर्षांपूर्वी तुमची नलिनी गेली, त्या आठवड्यात मी तुमच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. अनुप म्हणाला, "बाबा, चला ना माझ्याबरोबर ह्यूस्टनला. इथे एकटं काय करणार?" तुम्ही म्हणालात, "ते काय शहर आहे? गरम पार्किंग लॉट आहे नुसता. तिथं माणूस बघणार काय?"  पोरगं म्हणालं, "ओके बाबा. माझं शहर बघण्यासारखं वाटेल तेव्हा या. मी परत बोलावणार नाही." मी ट्रे घेऊन दारातच उभी. चहाला कुणी हात लावला नाही.

तेव्हापासून तो बोलावत नाही आणि तुम्ही जात नाही. मध्ये तुम्हाला नात झाली, चार वर्षांची झाली. तुमची सून निधी दर दिवाळीला तिचा फोटो पाठवते आणि तुम्ही तो ब्रेडच्या डब्यामागे उभा करून ठेवता. मी पाहिलाय. पोरीची हनुवटी नलिनीची आहे.

आता तुम्ही म्हणाल, जाता जाता नलिनीनं हिला काही वचन मागितलं असणार. नाही हो. नलिनी जाता जाता मला म्हणाली ती फ्रीजरमधल्या मटारांबद्दल. वचनबिचन काही नाही. मला फक्त तुमचा राग येतो. चांगला शहाणा माणूस, पण एका शहराशी भांडण धरून बसलाय.

मंडळाबरोबर गेलात तर कुणालाच कमीपणा नाही. "ग्रुपबरोबर आलो होतो, म्हटलं डोकावून जावं," एवढंच म्हणायचं. उंबरठा ओलांडायला माणसाला कधी कधी असा टेकू लागतो. मी तो देऊ बघत होते, तर तुम्ही मला घटना वाचून दाखवता!

श्यामला


ईलिंग, २० मार्च २०२५

श्यामलाताई,

हे पत्र मंडळाच्या कागदावर नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझ्या घरातली भांडणं हा मंडळाच्या कामकाजाचा विषय नाही. चहा करायला आलेल्या माणसानं चहा करावा. ब्रेडच्या डब्यामागे बघण्याचंही काही कारण नव्हतं.

पण तुम्ही अर्धवट ऐकलंत, म्हणून उरलेलं सांगतो. अनुपचा जन्म इथला, ईलिंगचा. आम्ही दोघांनी पुणं सोडलं, माझी चांगली चाललेली नोकरी सोडली, ते मुलाला इथं उभं करायचं म्हणून. त्याच्यासाठी माळ्यावर खोली काढली. खिडकी, टेबल, पुस्तकांच्या फळ्या. लग्न झाल्यावर तो याच भागात घर बघेल, रविवारी जेवायला येईल, असं आमचं साधं गणित होतं. तो आला, जेवला आणि म्हणाला, ह्यूस्टनला जॉब घेतलाय. नलिनी म्हणाली, जाऊ दे, मुलं जातातच. तिला जमायचं ते. मला नाही जमलं. त्या खोलीत आता बॅगा आहेत.

तेव्हा त्या शहराबद्दल माझं चांगलं मत नाही, यात नवल काय? त्यानं माझं काय घेतलंय ते मला माहीत आहे.

आणि एक विचारायचं आहे. हे सगळं तुम्हाला अनुपनं सुचवलं का? त्यानं तुम्हाला फोन वगैरे केला असेल, काही म्हणाला असेल, तर तसं स्पष्ट लिहा. मला पाठीमागून चालवलेल्या गोष्टी आवडत नाहीत.

श्रीकांत


पिनर, २७ मार्च २०२५

श्रीकांतराव,

जय भीम.

नाही. अनुपचा फोन आलेला नाही. त्यानं मला काहीही सांगितलेलं नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. तो तुम्ही रागानं लिहिलात असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटलं नाही. 'होय, त्यानंच सांगितलं' असं उत्तर यावं म्हणून लिहिलेलं वाटलं.

चहाबद्दल काही म्हणत नाही. पुढच्या खेपेला तुम्हीच करा.

इस्तंबूलचे फोटो दाखवायला मागच्या महिन्यात तुम्ही सगळ्यांना बोलावलंत, तेव्हा वडिलांचा एक किस्सा सांगितलात. तुम्ही पुणं सोडून निघालात तेव्हा ते म्हणाले होते, "लंडनला आहे काय? धुकं आणि उकडलेले बटाटे." सगळे हसले, मीही हसले. मग कुणीतरी विचारलं, ते आले का कधी? तुम्ही म्हणालात, नाही, आले नाहीत. आणि लगेच पुढचा फोटो लावलात. घरी येताना ट्रेनमध्ये मला तेच आठवत होतं. प्रत्येक पिढीला आपण धरलेलं गाव मोठं वाटतं आणि पोरानं धरलेलं गाव खोटं.

आता तुमच्या आंतरराष्ट्रीय ठिकाणाबद्दल. मी नागपूरची. आमच्याकडे पर्यटक कोण येतो? ऊन आहे आणि संत्री आहेत. पण तुमच्या दसऱ्याच्याच दिवशी दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. खेड्यातून भाकरी बांधून येतात, थायलंड-जपानहून भिक्खू येतात. माझी आई मला खांद्यावर घेऊन जायची. ही माणसं नागपूर बघायला येत नाहीत. त्यांचं तिथं काहीतरी आहे म्हणून येतात. आयुष्यभर लायब्ररीत लोकांना गाइडबुकं काढून दिली मी, पण एकाही पुस्तकात नागपूरला धड पान नव्हतं. म्हणून काय ते ठिकाण नाही?

मतदानाला ठेवा. हरले तर गप्प बसेन.

श्यामला


सीमोल्लंघन प्रवास मंडळ, पश्चिम लंडन
ईलिंग, १४ एप्रिल २०२५

श्रीमती श्यामलाताई मेश्राम यांस

नमस्कार आणि आजच्या जयंतीच्या शुभेच्छा.

विशेष बाब म्हणून नियम तिसरा बाजूला ठेवून तुमचा प्रस्ताव मतदानाला घेतला. निकाल असा: लिस्बन, बारा मतं. ह्यूस्टन, दोन मतं. सहल सप्टेंबरअखेर लिस्बनला जाईल आणि दसरा तिथंच साजरा होईल. सोन्याची पानं नेहमीप्रमाणे मी सोनेरी कागदातून कापून आणेन. लंडनात आपट्याचं झाड मिळेपर्यंत त्याला इलाज नाही.

ह्यूस्टनच्या दोन मतांपैकी एक तुमचं असावं. दुसरं कुणाचं ते, मतदान गुप्त असल्यामुळे, सांगता येत नाही.

श्रीकांत दामले
चिटणीस


पिनर, १८ एप्रिल २०२५

श्रीकांतराव,

जय भीम.

गुप्त मतदानाचा मी पूर्ण मान राखते. ते दुसरं मत ज्याचं असेल त्याला माझा निरोप सांगा: हरलो तरी हरकत नाही, आता फोन उचल. नंबर बदललेला नसणार. संध्याकाळी सहाला इथून केला तर तिथं दुपार असते.

शब्द दिलाय, म्हणून आता गप्प बसते. पण तुम्ही लिहिलंत तर उत्तर देईन.

श्यामला


ईलिंग, २ जून २०२५

श्यामलाताई,

तुम्ही खरंच गप्प बसलात. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती.

फोनचं सांगतो. उचलला, नंबर लावला, वाजायच्या आत ठेवला. असं पुष्कळदा केलं. पहिलं वाक्य काय म्हणायचं तेच सुचेना. मग एक गोष्ट केली. ती वाचून तुम्ही हसाल, आणि हसण्यासारखीच आहे.

दर वर्षी सहलीआधी मी त्या त्या शहराच्या पर्यटन कचेरीला पत्र लिहून माहिती मागवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसंच पत्र मी मंडळाच्या कागदावर अनुपला लिहिलं. 'श्री. अनुप दामले, ह्यूस्टन, यांस. आमच्या एका सभासदानं आपल्या शहराची शिफारस केली आहे. तिथं प्रेक्षणीय काय आहे, हवामान कसं असतं, ज्येष्ठ प्रवाशांना कितपत सोयीचं आहे, याची माहिती कृपया पाठवावी. आपला, चिटणीस.' बाप म्हणून एक अक्षर लिहिता येत नव्हतं. चिटणीस म्हणून लिहिलं तर एका बैठकीत झालं. पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत घाम फुटला. माझ्याइतका मूर्ख माणूस ईलिंगमध्ये दुसरा नसेल.

काल उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून देतो.

'माननीय चिटणीस साहेब, तुमचा पत्र मिळाला. ह्यूस्टन खूप मोठा आहे आणि खूप गरम आहे, हे खरं आहे. तुम्ही विचारलं, बघण्यासारखा काय आहे. स्पेस सेंटर आहे. तिथे एक रॉकेट आडवा ठेवलाय, त्याच्या बाजूने चालायला खूप वेळ लागतो. म्युझियम पण छान आहेत. आणि एक अट्रॅक्शन आमच्या घरी आहे, ते गाइडबुकमध्ये नाही. नाव इरावती, वय चार. सकाळी सात ते रात्री आठ ओपन असते, दुपारी थोडा वेळ बंद. तिकीट नाही. ज्येष्ठ प्रवाशांना खाली एक बेडरूम आहे, जिने नाहीत. मी परत बोलावणार नाही असं एकदा एका माणसाला सांगितलं होतं, म्हणून हा बोलावणं नाही. ही फक्त इन्फर्मेशन आहे. मंडळ आला नाही आणि फक्त चिटणीस आला तरी चालेल. पार्किंग भरपूर आहे. आपला नम्र, अनुप.'

एरवी मी लाल पेन घेऊन बसलो असतो. शाळेत असताना त्याची मराठी पत्रं मी अशीच तपासायचो, आणि तो नलिनीकडे पळायचा. या वेळी पेन हातातही घेतलं नाही.

आता सांगा, काय करू? सहल लिस्बनची ठरलेली. तिचा पुढारी मी. बॅनर पहिल्या वर्षापासून मी धरलाय. सोन्याची पानं मी कापतो. हे सगळं टाकून कसं जायचं?

बरं, ही सगळी निमित्तं आहेत, ते मलाही कळतं. खरं कारण लिहितो. मला भीती वाटते. तिथं गेलो आणि माझ्या तोंडातून पुन्हा काही वेडंवाकडं निघालं तर? या खेपेला समोर ती मुलगी असेल. तिनं ऐकलं तर?

श्रीकांत


पिनर, ५ जून २०२५

श्रीकांतराव,

जय भीम.

हसले नाही. म्हणजे 'रॉकेट आडवा'ला हसले, पण डोळे पुसत.

मंडळाच्या वतीनं कळवते की लिस्बनच्या सहलीला तुम्ही यायचं नाही. बॅनर मी धरेन. माझी उंची कमी आहे, एक बाजू खाली येईल, येऊ दे. सोन्याच्या पानाचा नमुना आणि तुमची ती वाकडी कात्री पाठवून द्या. मी दसऱ्याला सोनं वाटत नाही, माझा तो दिवस वेगळा, पण कागद कापायला माझी काही हरकत नाही. लिस्बनमध्ये बाकीच्यांना सोनं मिळेल आणि माझ्याकडून पेढा मिळेल.

मंडळाचं नाव सीमोल्लंघन ठेवलं तुम्हीच. दसऱ्याला आपल्या वेशीबाहेर पाऊल टाकायचं असतं, हे भाषण दर वर्षी विमानतळावर आम्हाला उभं करून ऐकवता. रोम आणि इस्तंबूलला जाण्यात तुम्ही कुठली वेस ओलांडलीत हो? तुमची वेस त्या पार्किंग लॉटच्या कडेला आहे. तेवढी ओलांडा.

भीतीवर उपाय सांगते. पहिले दोन दिवस हवामानावर बोलायचं नाही. रस्ते, गाड्या, अंतरं, यांवरही नाही. 'उकडतंय' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तिसऱ्या दिवशी हळूच पंखा मागा. आणि काही वाकडं निघालंच, तर लगेच म्हणा, "चुकलो." चार वर्षांच्या मुलांना हा शब्द चांगला कळतो, दिवसातून दहा वेळा त्यांनाच म्हणायला लावतात.

फोटो आता ब्रेडच्या डब्यापुढे ठेवा.

श्यामला


ह्यूस्टन, ४ ऑक्टोबर २०२५

श्यामलाताई,

जय भीम. परवाच्या तुमच्या दिवसाच्या शुभेच्छा, उशिरानं.

चार महिने मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर बेत मोडला असता. तिकीट काढलं ते कुणाला सांगितलं नाही. अनुपला मंडळाच्या कागदावर एवढंच कळवलं: 'चिटणीस पाहणीसाठी येत आहेत.' त्यानं उलट लिहिलं, 'नोंद घेतली.'

विमानतळावर दार उघडलं आणि तो समोर उभा होता. कानाजवळ पिकलाय. पिकणारच, सहा वर्षं झाली, पण माझ्या डोळ्यांपुढे तो काळ्या केसांचाच होता.  त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "बाबा, पार्किंग लॉट जरा लांब आहे. चालाल ना?"

मी म्हटलं, "चल. तोच तर बघायला आलोय."

तो हसला. मीही हसलो. आणि मग निघायच्या ऐवजी आम्ही तिथल्या बाकावर थोडा वेळ बसलो.  त्यानं माझं कोपर धरून ठेवलं होतं.

गाडीतून येताना रस्ता बघून माझ्या जिभेवर आलं होतं, हा रस्ता आहे की धावपट्टी. तुमची आठवण झाली आणि गिळलं. दुसऱ्या दिवशीही गिळलं. तिसऱ्या दिवशी पंखा मागितला. निधी म्हणाली, "बाबा, तुम्ही आल्या दिवशीच मागाल यावर आमची पैज लागली होती. अनुप हरला."

इरावती पहिल्या संध्याकाळी दाराआड उभी राहून माझी तपासणी करत होती. मग तिनं विचारलं, "तू त्या लेटरवाला आजोबा आहे?" म्हटलं, "हो, तोच." ती म्हणाली, "तू शूज काढ मग." मी काढले. आमचं तेव्हापासून बरं जमतं. हनुवटीचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. जेवताना मी तिच्याकडे बघत बसतो आणि माझं अन्न निवतं.

आता दसऱ्याचं सांगतो. सकाळी अनुप मला मागच्या अंगणात घेऊन गेला. कुंपणाशी एक झाड आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच. पान बघितलं आणि मी जागच्या जागी थांबलो. कांचन! पुण्याला आमच्या अंगणात होता. आपटा मिळाला नाही की त्याचीच पानं वाटायचो. इथली हवा त्याला मानवते म्हणे. ज्या उकाड्याला मी नावं ठेवली त्यातच ते वाढलंय, आणि ईलिंगमध्ये मी इतकी वर्षं कागद कापतोय. अनुप म्हणाला, "लहानपणी मला वाटायचं सोनं म्हणजे गोल्ड पेपरच असतो. इरावती झाली तेव्हा नर्सरीत हे झाड दिसलं. आईनं एकदा अशा पानाचं चित्र काढून दाखवलं होतं. म्हणून लावलं."

मग इरावतीनं पान तोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "सोना घ्या, सोन्यासारखा राहा." ते मी दुरुस्त केलं नाही. करणारही नाही. मागोमाग अनुपनं पान दिलं आणि वाकला. मला रडू आलं, श्यामलाताई. चांगलं मोठ्यानं आलं. शेजारचे नायजेरियन गृहस्थ कुंपणावरून चौकशीला आले. अनुपनं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्यांनी आत जाऊन मला भाताचा डबा आणून दिला. त्यांच्याकडेही म्हणे वडील असेच उशिरा आले होते.

आल्या दुसऱ्या दिवशी निधीबरोबर बाजारात गेलो होतो. एका रांगेत उभा राहून मी इतक्या भाषा ऐकल्या की त्यातल्या निम्म्यांची नावंसुद्धा मला येत नाहीत. दुकानदार व्हिएतनामी. त्यानं मला विचारलं, "बघायला आलात?" मी म्हटलं, "मुलाकडे आलोय." तो म्हणाला, "मग इथलेच तुम्ही." आणि त्यानं कोथिंबिरीची जुडी वर घातली. २०७च्या बसमधून हे सगळं दिसतं, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. दिसत असेल. बसमधून उतरून मी कधी कुणाशी बोललो नाही, एवढंच.

लिस्बनचा फोटो पोचला. बॅनर एका बाजूला खाली आलाय, पण बरा दिसतो. पानं माझ्यापेक्षा चांगली कापलीत, हे मान्य करतो. पुढच्या वर्षी बॅनर तुम्हीच धरा.

माझं परतीचं तिकीट उद्याचं होतं. ते दिवाळीनंतरचं करून घेतलंय. या खेपेला निधीला फोटो पाठवावा लागणार नाही.

मंडळाच्या दप्तरी लावण्यासाठी अभिप्राय देतो, तो सभेत वाचून दाखवावा. चिटणीसांनी ह्यूस्टन शहराची समक्ष पाहणी केली. ते मोठं आहे, गरम आहे, रॉकेट खरोखरच आडवं आहे आणि तिथं जगातले सगळे लोक राहतात. तरीही हे ठिकाण मंडळाच्या सहलीस अपात्र आहे. मार्चमध्ये दिलेला निर्णय मी कायम करतो. नियम तिसरा लागू.

इथं माझा मुलगा राहतो.

श्रीकांत